दोन जिल्ह्यांतली नाव

कीर्तनात पहिल्या रांगेत बसू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पहिल्या रांगेत बसलं की बुवांचे डोळे आपल्यावर येतात, आपले बुवांवर जातात, मधे टाळ-मृदंग असतो, आणि मग माणूस स्वतःचा राहत नाही. मी तर मुळात स्वतःचा कमीच. चाळीत कुठं टाळ वाजला तरी माझ्या हातातला चहाचा कप तालात हलतो, हे नांदेडच्या बसस्थानकावर सगळ्यांना माहीत होतं. तिथं मी कंट्रोलर होतो. गाड्या वेळेवर सोडणं हे माझं काम, आणि ते मी इमानदारीनं केलं. रिटायर होऊन बोरवंडला, म्हणजे मन्याडकाठच्या आमच्या गावी, राहायला आलो तरी लोक मला रामकिशन म्हणेनात. कंट्रोलर साहेब म्हणतात. त्यातलं साहेब आदरानं असतं की चेष्टेनं, हे बोलणाऱ्याच्या मिशीकडं पाहून ठरवावं लागतं.

तर गोष्ट अशी झाली. आमच्या सप्ताहाच्या काल्याचं कीर्तन दरसाल हणमंतबुवा करतात. बुवा नदीपलीकडच्या सावरखेड्याचे. गाव समोर दिसतं, कोंबडा आरवला तर ऐकू येतो. पण ते अहमदपूर तालुक्यात आणि आम्ही कंधार तालुक्यात. पूर्वी बुवा नावेतून यायचे. वर पूल झाला, नाव बंद पडली, ती मधल्या वाळूत रुतून बसली, आणि बुवा जीपमधून लांबचा वळसा घालून, कंबर धरत येऊ लागले. त्या वर्षी काल्याला त्यांनी देवाला पार नेणाऱ्या एका नावाड्याची कथा लावली. आवाज असा लागला होता की बायका पदर डोळ्यांना लावायचं विसरल्या. आणि मधेच बुवा थांबले, नदीकडं पाहिलं आणि सहज म्हणाले, "आमची बी एक नाव होती बाबा. तिच्यातून आलं की वाटायचं, काल्याला आलो. जीपमधून आलं की वाटतं, तारखेला आलो."

झालं. मी उभा राहिलो. का राहिलो ते देवालाच ठाऊक. पुढच्या काल्याला बुवांना त्याच नावेतून आणीन, असं मी भर मंडपात म्हणालो, आणि आमच्या गावच्या रिवाजाप्रमाणे विणेकऱ्यानं माझ्या हातात नारळ ठेवला.

हा नारळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. काल्याच्या दिवशी जो पुढच्या सालची सेवा अंगावर घेतो त्याला नारळ मिळतो. कुणी पंगतीचा घेतो, कुणी मंडपाचा. तो लाल फडक्यात बांधून देवघरात टांगायचा आणि सेवा पूर्ण झाली की फोडायचा. सेवा झाली नाही तर भर मंडपात स्वतःच्या हातानं परत करायचा. असा नारळ आजवर एकाच माणसानं परत केला. तो वारला त्याला जमाना झाला, पण त्याच्या नातवालाही लोक नारळ्या म्हणूनच ओळखतात.

घरी आल्यावर सिंधुनं नारळ टांगला, हात जोडले आणि देवाकडं तोंड करून मला विचारलं, "नाव कशाची असती, ठाऊक हाय का?" मी म्हणालो, लाकडाची. "मग झालं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. आमच्या संसारात तिची हीच पद्धत आहे. ती भांडत नाही, माहिती विचारते.

सुरुवात झकास झाली. वाळू उपसून नाव मोकळी केली, बैल लावून जरा वर ओढली आणि दगडांवर बसवली. तिथून ती काठावर आणायची होती, पण बैल म्हणाले पुरे. म्हणजे बैलांचा मालक म्हणाला, पण बैलांचं मत तेच होतं. दुरुस्तीचं काम मारोती सुतारानं घेतलं. मारोतीनं जन्मात नाव केली नव्हती. बैलगाड्या आणि दारं यांत त्याची हातोटी. पण त्याच्या अंगात असा आत्मविश्वास की तो पाहून आपल्यालाच वाटावं, आपणच उगीच शंका घेऊन राहिलो. त्यानं मोडक्या फळ्या बदलल्या, बसायला मधे आडव्या फळ्या टाकल्या, आणि एक दिवस पाहतो तर नावेच्या एका बाजूला त्यानं कडी-कोयंडा बसवलेला. हे कशाला, म्हटलं, तर तो म्हणाला की इतकी चांगली वस्तू उघडी कशी ठेवायची. मी त्याला समजावलं की नावेला दार नसतं. त्यानं तेही ऐकून घेतलं आणि कोयंडा तसाच ठेवला. अजून आहे.

मग पाऊस आला नाही.

येईल म्हणून आषाढ गेला, येईल म्हणून श्रावण गेला. नदीतली डबकी आटली, मग ओल आटली. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. जनावरं छावणीला गेली, ज्यांची गेली नाहीत त्यांची दावणीला हाडं दिसू लागली. आणि या सगळ्याच्या बरोबर मधोमध, कोरड्या नदीच्या पात्रात, माझी नाव. गावातून कुठूनही बघा, आधी तीच दिसायची.

अशा वेळी शेजारी काय करतात? सल्ला देतात. आमचे शेजारी किशनराव हे रिटायर्ड तलाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी पाहिल्यामुळं त्यांना दुसऱ्याच्या कुठल्याही गोष्टीत उभं राहायची सवय. ते रोज संध्याकाळी ओट्यावर येत आणि नवा मार्ग सुचवीत. नाव मोडून छावणीला लाकूड द्यावं. नाव मंदिराला अर्पण करून तिच्यात भजनी मंडळ बसवावं. नाव उलटी करून तिच्याखाली कडबा ठेवावा. मी म्हणायचो, पाऊस येईल. ते म्हणायचे, "येईल ना. पण तोवर ही नाव तिथं पाहून पावसालाच शरम वाटून राहिली असंल."

खरी अडचण वेगळीच होती. उन्हानं फळ्या वाळून आकसायच्या आणि फटी पडायच्या. मारोती राळेत भिजवलेल्या कापसाच्या वाती ठोकून एक बाजू बुजवायचा, तोवर दुसरी बाजू हसू लागायची. शेवटी किशनरावांनी एक सल्ला असा दिला की तो नेमका बरोबर निघाला, आणि त्याचा मला अजून राग आहे. ते म्हणाले, लाकूड ओलं ठेवलं तर फुगतं, फटी आपोआप मिटतात.

ओलं ठेवायचं कशानं? सिंधु झिऱ्यावर ताटकळून घागर आणायची. तिच्यातला तांब्याभर नावेला घालावा, असं म्हणायची माझी छाती नव्हती. पण आंघोळ तर मी करायचोच. पूजेआधी आंघोळ, हा नेम मी डेपोतही मोडला नाही. तेव्हा मनात विचार आला की आंघोळीचं पाणी मोरीत जाण्यापेक्षा फळ्यांत गेलं तर कुणाचं काय बिघडतं.

म्हणून मी नावेत आंघोळ करू लागलो.

पहाटे जात होतो, पण झिऱ्यावर बायका त्याच्याही आधी यायच्या, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी काय पाहावं? कोरडी ठणठणीत नदी, मधे नाव, नावेत मधल्या फळीवर पंचा नेसून बसलेले कंट्रोलर साहेब, डोळे मिटून तांब्या-तांब्यानं अंगावर पाणी घेत मोठ्यानं हरिपाठ म्हणत आहेत. मी डोळे उघडले तेव्हा घागरींची एक अख्खी रांग थांबलेली होती. त्यात पुढं कस्तुराबाई. ही आमच्या गल्लीची. घरात ती आणि तिची म्हैस, दोघीच. जिभेला अडसर नाही. ती शांतपणे म्हणाली, "कंट्रोलर, गाडी कितीला सुटती?"

तो दिवस मी घराबाहेर पडलो नाही. दुसऱ्या दिवशी सावरखेड्याहून काही मंडळी खास बघायला आली. बरोबर भाकरी बांधून आणली होती.

आणि गवगवा झाला म्हणजे सरकार येतं. आमचा तलाठी आला, त्यानं नावेभोवती फेरी घातली, किशनरावांनी त्याला हद्दीचा दगड दाखवला (तो न दाखवता त्यांना कसं राहवेल), आणि असा शोध लागला की नावेचं मागचं टोक नांदेड जिल्ह्यात आहे आणि पुढचं टोक लातूर जिल्ह्यात. मधल्या फळीखालून हद्द जाते. म्हणजे मी इतके दिवस आंघोळीला बसत होतो तो दोन्ही जिल्ह्यांत थोडा थोडा. पूर्वी पलीकडं उस्मानाबाद होतं तेव्हा ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती. पण लातूर जिल्हा नवा, नव्या सुनेसारखं सगळ्यांचं त्याच्याकडं लक्ष, आणि नव्या जिल्ह्यात आपलं नाक परवानगीशिवाय खुपसलेलं बरं दिसत नाही, असं तलाठ्याचं म्हणणं पडलं. दोन्हीकडून परवाना आणा, तोवर काम बंद.

मी आमच्या बाजूच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी अतिशय प्रेमानं विचारलं, नदीत पाणी आहे का? म्हटलं, नाही. मग नाव कशाला? म्हटलं, पाणी येईल तेव्हासाठी. ते म्हणाले, मग पाणी आल्यावर या. मी म्हणालो, पाणी आल्यावर यायला नाव लागेल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चहा मागवला आणि विषय बदलला.

पलीकडच्या कचेरीत गेलो तर तिथं अजून खुर्च्या पुरत्या आल्या नव्हत्या. साहेब उभे, कारकून उभे, मीही उभा. असा सगळ्यांना सारखा मान मी दुसऱ्या कुठल्या कचेरीत पाहिला नाही. ते म्हणाले, नदी आम्हाला मिळाली खरी, पण तिचे कागद अजून जुन्या जिल्ह्यातून यायचेत. कागद आले की नदी आमची, नदी आमची झाली की परवाना. मी नमस्कार केला आणि येताना यष्टीत बसून मनात म्हणालो, पांडुरंगा, तू विटेवर इतकी युगं का उभा आहेस ते आज कळलं.

चैत्र उजाडला. काला तोंडावर आला. देवघरातला नारळ वाऱ्यानं हलला तरी मला वाटायचं, माझ्याकडंच मान हलवतोय. एक दिवस किशनराव चेष्टा बाजूला ठेवून म्हणाले, "रामकिशन, ऐक माझं. सोडून दे. काळ असा हाय, कुणी नावं ठेवणार न्हाई." काळ तसा होता, हे खरंच. माणसाला प्यायला पाणी नाही आणि मी तरंगायची तयारी करतोय, याची लाज मलाही वाटत होतीच. पण अशा काळात जर नाव मोडून तिचं सरपण केलं, तर पाणी परत येणार नाही असं गावानं लिहून दिल्यासारखं होईल, हेही वाटायचं. सिंधुला विचारलं. ती म्हणाली, "नाव कशासाठी असती?" म्हटलं, पार न्यायला. "मग झालं," म्हणाली. तिच्या 'मग झालं'चा अर्थ करा म्हणजे करा की सोडा म्हणजे सोडा, हे मला या वयातही नीट कळत नाही.

आणि त्याच आठवड्यात टँकर फसला.

टँकर आमच्या गावाला यायचा, पण त्यानं आणलेलं पाणी विहिरीत ओतलं की विहीरच पिऊन टाकायची. तळाला भेगा पडल्या होत्या. बायकांनी झटून काढलं तेवढं माणसांना. जनावरांच्या वाट्याला तळाचा चिखल. टँकरचा ड्रायव्हर शिवलिंग हा उदगीरकडचा गडी. पुलाचा वळसा वाचवायला त्यानं एक दिवस गाडी सरळ नदीतून घातली, आणि ती माझ्या नावेजवळ येऊन बूड टेकून बसली. भरला टँकर काही केल्या निघेना. रिकामा केला तर निघेल. पण रिकामा करायचा कुठं? वाळूत पाणी सोडायचं म्हणजे पाप. शिवलिंग डोक्याला हात लावून बसला. गाव जमलं. किशनरावांना पहिल्यांदाच काही सुचेना.

मी म्हणालो, "नावेत सोडा."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मग नावेकडं. मग शिवलिंगनं उठून पाइप नावेत टाकला.

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. नाव भरू लागली आणि प्रत्येक फटीतून पाण्याची चिळकांडी उडाली. मारोतीनं ठोकलेल्या वाती एकेक करून बाहेर पडल्या. मी डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणू लागलो. पण कस्तुराबाई ओरडली, घागरी लावा, आणि बायका धावल्या. प्रत्येक फटीला एक घागर. घागरी संपल्या तर कळशा, पराती, पातेली, मारोतीचं राळेचं भांडंसुद्धा. नावेभोवती बायका अशा बसल्या की जणू गोकुळातली गाय पान्हावली आहे आणि एकाच वेळी सगळ्यांनी तिची धार काढायला घेतली आहे. भार वाढला तसे खालचे दगड वाळूत रुतले आणि नाव सावकाश, डुलत, ऐटीत खाली बसली. आणि संध्याकाळपर्यंत फळ्या फुगल्या. एक धार थांबली, दुसरी थांबली. शेवटची थेंब-थेंब गळत होती, तिच्याखाली कस्तुराबाईची वाटी होती. तीही थांबली.

सकाळी तिची म्हैस नावेच्या काठावर मान टाकून पाणी पीत होती. डोळे मिटून. माझ्यासारखीच.

त्यानंतर माझ्या नावेला दिवस चांगले आले. शिवलिंग आमचा टँकर मागच्या टोकाकडून ओतायचा. ते पाहून सावरखेड्यानंही आपल्याकडचा टँकर आणला, तो पुढच्या टोकाकडून. आपापल्या हद्दीत ओतल्यामुळं कुणाला काही म्हणता येईना. आत गेल्यावर पाणी जिल्हा विसरायचं. दोन्ही गावांची उरलीसुरली जनावरं दोन्ही बाजूंनी माना टाकून प्यायची. परवाने कुणी विचारले नाहीत. तलाठी एकदा आला, त्यानं तोंड धुतलं आणि गेला.

पण नारळ? तो तसाच टांगलेला. किशनरावांनी तोडगा काढला होता: काल्याच्या दिवसापुरती नाव रिकामी करायची, गाडीवर चढवायची, आत बुवांना बसवायचं, आणि वाजतगाजत आणायचं. चारचौघांना ते पटलंही. खरं सांगायचं तर मलाही. मनात मी वरातीत पुढं टाळ घेऊन चालूही लागलो होतो. तेवढ्यात कस्तुराबाई ओट्यापाशी आली. ती म्हणाली, "कंट्रोलर, माझी म्हस गाभण हाय. त्या पाण्यावर उभी राहिली ती. नाव रिकामी केली तर त्यो नारळ मी दगडावर न्हाई, तुमच्या टकुऱ्यावर फोडीन. मग बुवांना सांगा, सेवा झाली म्हणून."

किशनराव हसले. मला हसू आलं नाही. बुवांना नावेतून आणायचं, हा माझा शब्द. त्या म्हशीला कुणी शब्द दिला नव्हता, तरी ती रोज विश्वासानं मान टाकत होती. मी रात्रभर विचार केला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खरं म्हणजे मला लगेच समजलं आणि मी जेवलो. नाव हलवायची नाही. नारळ परत करायचा. उद्या माझ्या नातवालाही लोक नारळ्या म्हणाले तर म्हणोत.

काल्याच्या सकाळी मी नारळ फडक्यासकट घेऊन नदीत जाऊन उभा राहिलो. गाव मागं. पलीकडून बुवा पायी येताना दिसले, हातात काठी, मागं टाळकरी. कोरड्या नदीला जीपचा वळसा कशाला, म्हणून चालतच निघालेले. नावेपाशी आले तसा मी पायांवर पडलो. म्हणालो, महाराज, नाव झाली, पण तिच्यातून तुम्हाला आणता येत नाही. हा नारळ घ्या.

बुवांनी नारळ घेतला नाही. नाव नीट न्याहाळली. काठावर हात फिरवला, कोयंडा दिसला, तो वाजवून पाहिला. मग किशनरावांना विचारलं, "आमचा जिल्हा कुठवर म्हणायचा?"

किशनराव म्हणाले, हे टोक तुमचं, मधल्या फळीपासून ते टोक आमचं.

बुवांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि काठी माझ्याकडं दिली. मग कस्तुराबाईकडं वळून म्हणाले, "बाई, म्हशीची हरकत न्हाई ना?"

"म्हस रोज तोंड घालती," कस्तुराबाई म्हणाली, "तुमी पाय घाला. तिला मी सांगते."

टाळकऱ्यांनी हात दिला. बुवा पुढच्या टोकावरून नावेत उतरले. गुडघाभर पाणी. एका हातानं काठ धरत, दुसरा हात वर करत, नाम घेत ते एकेक पाऊल टाकत निघाले. मृदंग लागला. मधल्या फळीवर ते क्षणभर बसले, पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं, फळी ओलांडली, आणि आमच्या टोकाशी येऊन मला म्हणाले, "हात दे. उतरव मला." मी हात दिला. बुवा नांदेड जिल्ह्यात उतरले.

ओल्या धोतरातून पाणी गळत होतं. त्यांनी ते पिळलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आणलंस बाबा नावेतून. फोड आता."

नारळ मी नावेच्या टोकावर फोडला. पाणी नावेतच सांडलं. म्हशीनं मान वर केली, एवढंच. आणि मी, गाड्या सोडण्यात हयात गेलेला माणूस, रडलो, आणि ते मी लपवलं नाही.

काल्याचं कीर्तन मग असं रंगलं की काय सांगू. बुवा ओल्याच धोतरावर उभे राहिले, आवाज तरुण झाला होता. शेवटी शेवटी त्यांनी सहज म्हटलं की या मंदिराच्या शिखराला कळस नाही, पूर्वी होता म्हणतात. माझ्या कानात टाळ घुमू लागले आणि मी उभा राहायला गेलो.

राहता आलं नाही. वळून पाहिलं तर माझ्या उपरण्याचं टोक मंडपाच्या खांबाला पक्कं बांधलेलं, आणि खांबाशेजारी सिंधु डोळे मिटून टाळ्या वाजवत बसली होती.